परक्या हाताचा टोस्ट

दवाखान्याच्या दारात व्हॅन थांबली, तेव्हा आतून आधी पावाचा वास उतरला, मग माणसं. पुढच्या सीटवरून काठी टेकवत आबा. स्टिअरिंगवरून धाकटे दीर. आणि मागच्या बाजूने, जिथे एरवी पावाचे क्रेट असतात तिथून, उपड्या क्रेटवर बसून अंग आंबलेले चौघं : थोरली सून, तिचा नवरा, तिची नणंद, आणि जिच्यासाठी हा सगळा लवाजमा निघाला होता ती बारकी, थोरलीची एकुलती एक लेक.

"यातला पेशंट कोण?" दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"तुम्हीच ओळखा," दीर म्हणाले.

पहारेकऱ्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आबांकडे बोट केलं. आबांची काठी वर गेली. बारकी एवढी हसली की तिला व्हॅनचा दरवाजा धरावा लागला. उपाशीपोटी हसू नकोस गं, उचकी लागेल, असं ओरडता ओरडता नणंदेलाच उचकी लागली. मग तर सगळेच सुटले. भट्टीला सुट्टी देऊन सगळं घर एकत्र बाहेर पडायची ही पहिलीच वेळ होती आणि शाळेची सहल निघाल्यासारखे सगळे चेकाळले होते.

थोरलीही हसत होती. फक्त काखेतल्या पिशवीवरचा हात ती काही केल्या काढत नव्हती.

चेकाळायला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी हीच बारकी काथवटीची कड धरून उभी राहायची. कणीक मळता मळता तिला घेरी यायची. नाव बारकी पडलं ते शाळेत असताना, कारण वजनाचा काटा तिच्यासाठी कधी हललाच नाही. अंगात रक्त नाही, पोट कायम फुगलेलं, खाल्लेलं अंगी लागत नाही. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, जंतांची औषधं झाली. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईने सरळ विचारलं होतं, "घरी काय धंदा आहे?"

"बेकरी."

"अरे देवा," डॉक्टरीणबाई म्हणाली होती.

तिला शंका होती सिलिअ‍ॅकची. गव्हात जो चिकटा असतो, ज्याच्या जोरावर पाव फुगतो, तोच या मुलीच्या आतड्याला सोसत नसावा. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, ती झडते, म्हणून अन्न अंगी लागत नाही. रक्ताची तपासणी झाली, पण ती धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना, कारण बारकीने त्रासाला कंटाळून पाव आधीच कमी केला होता. आता घशातून दुर्बीण घालायची आणि आतड्याचा तुकडा काढून बघायचा. मात्र तोवर, पुढचा दीड महिना, गहू बंद करायचा नाही. रोज खायचाच. "बंद केलात तर लव परत उगवेल आणि मला काही दिसणार नाही," असं तिने दोनदा बजावलं होतं.

घरी येऊन आबांनी कायदा केला. या घरात कायदे आबाच करतात, बाकीचे ते पाळतात आणि मागे कुरकुरतात. "रिपोर्ट चांगला आला तर भट्टी बारकीची. तिच्यासारखा हात माझ्यानंतर कुणाला आला नाही. पण वाईट आला तर भट्टी पाडायची आणि धाकटा म्हणतो तशी मशीनं बसवायची. जिला पाव पचत नाही ती पाववाली लोकांना काय तोंड दाखवणार?"

"हे आपल्यातलं नाहीच," नणंद थोरलीकडे बघून म्हणाली होती. "हे कुणाच्या तरी माहेरचं."

बारकीने आबांचा कायदा एका झटक्यात कबूल केला होता. तिला दुसरं काही नकोच होतं आयुष्यात. ती भट्टी, ते पाव भट्टीत सरकवायचं लांब दांड्याचं फावडं, पहाटे फुगून आलेल्या पावाच्या पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकणं. पहिला आठवडा ती रोज सकाळी चार टोस्ट दुधात बुडवून गिळायची. मग न्हाणीघराची कडी लावायची. बाहेर जमिनीवर बसून थोरली आतले आवाज ऐकायची. आठव्या दिवशी ती पोरगी चार पायांवर रांगत बाहेर आली आणि हसून म्हणाली, "झालं, आता उद्याचे चार."

त्या दिवशी दुपारी थोरलीने कायदा मोडला.

या घराण्यात काथवटीला हात लावायचा तो घरच्या रक्तानेच. सुनेने गल्ल्यावर बसावं, गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, पाव कागदात गुंडाळून द्यावा. कणकेला हात लावू नये. का, तर म्हणे परका हात लागला की खमीर रुसतं. खमीर कसलं रुसतंय! रुसतात ते पुरुष, ज्यांना भीती असते की बाहेरून आलेली बाई आपल्यापेक्षा बरा पाव करील. पंचवीस वर्षं थोरली गल्ल्यावर बसली आणि पंचवीस वर्षं तिने पाठीमागचा प्रत्येक आवाज ऐकला. कणीक कधी आपटली, किती वेळ झाकली, भट्टीचं तोंड कधी उघडलं. हातांना काही माहीत नव्हतं, कानांना सगळं माहीत होतं.

दुपारी सगळं रक्ताचं घराणं रात्रपाळीची झोप काढत घोरत असतं. तेवढ्यात तिने वरच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनमध्ये तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, अंडी आणि चिकटा यावा म्हणून इसबगोलाचा भुसा असं काहीबाही कालवून भाजलं. पहिला पाव वीट झाला. दुसरा पाव भिजलेली वीट. पण पाचव्याला तिला सुचलं की पाव कापून परत भाजला, टोस्ट केला, तर आतला लुसलुशीतपणा कोण तपासतंय? कुरकुरीत म्हणजे कुरकुरीत. वरून जिऱ्याची चिमूट टाकली आणि टोस्ट बारकीच्या नेहमीच्या डब्यात नेऊन ठेवले.

बारकीने खाल्ले. दुसऱ्या दिवशी खाल्ले. चौथ्या दिवशी न्हाणीघराची कडी लागली नाही. पंधरवड्याने पोरीच्या गालावर रंग आला आणि घरात जल्लोष सुरू झाला. रोज गहू खातेय आणि बाळसं धरतेय! कसला सिलिअ‍ॅक! नणंद म्हणाली, मी नजर काढली. दीर म्हणाले, मी तिला सकाळी फिरायला नेतो. आबा म्हणाले, रक्त कुणाचं आहे!

थोरली रोज ठरवायची, उद्या सांगते. आणि रोज तिच्या लक्षात यायचं की आता नुसतं गप्प बसलं तरी लेकीला भट्टी मिळते.

*

वरच्या मजल्यावर बाकड्यांची रांग होती. पायाला पट्टी बांधलेला एक म्हातारा आणि मासिक चाळणारी एक बाई सोडली तर घराणंच घराणं. नणंदेने टोस्टचा पत्र्याचा डबा मांडीवर घेतला होता. रिपोर्ट चांगला लागला की सगळ्या दवाखान्याला वाटायचे म्हणून तिने खास स्वतः भाजले होते.

"रिपोर्ट आजच थोडाच मिळतो, वन्सं," थोरली म्हणाली.

"तुकडा बघितल्यावर कळतंच की! तोंडावरून कळतं डॉक्टरच्या. तू आपली रडकी ती रडकीच."

सिस्टर आली, हातात पेन. "काल रात्रीपासून काही खाल्लं नाही ना? बरं. आणि गहू? रोज चालू होता?"

"रोज," बारकी छाती काढून म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही. आधी त्रास झाला, मग पोटच वठणीवर आलं."

"असं होतं?" सिस्टरने भुवई उचलली.

"आमच्यात होतं," आबा म्हणाले.

सिस्टर तिला कपडे बदलायला आत घेऊन गेली. जाताना बारकीने वळून आईला डोळा मारला. ते बावीस वर्षांच्या पोरीचं डोळा मारणं नव्हतं. सहा वर्षांची असताना पहिला पाव फुगलेला बघून तिने मारला होता, तसंच ते होतं. थोरलीच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. ही आता घसा उघडून ती नळी गिळणार. माझ्या टोस्टने भरून आलेलं आतडं दाखवणार. मग घरी जाऊन भट्टीसमोर उभी राहून रोज खरा पाव खाणार, चव बघायला, खुशीने, जन्मभर.

ती उभी राहिली.

"थांबा. दुर्बीण घालू नका. तिने गहू खाल्लेलाच नाही."

"काय बडबडतेस?" नवरा हळूच म्हणाला. एवढं हळू की जणू त्याला आधीच माहीत होतं काय बडबडणार ते.

"ते टोस्ट तांदळाचे होते. मी केले. महिना झाला, मीच करतेय."

मग आबा बोलले, आणि काय बोलले? नात काय खातेय, नातीचं काय होणार, यातलं एक अक्षर नाही.

"कणकेला हात लावलास?"

"लावला."

"या हाताने?"

"दोन्ही हातांनी, आबा."

पायाला पट्टी बांधलेला म्हातारा सरसावून बसला.

"शक्यच नाही!" नणंद उसळली. "मी परवा बारकीच्या बशीतला एक खाल्लाय. माझाच होता तो! माझा टोस्ट मला कळणार नाही? मी कोण? तीस वर्षं तेच करतेय मी!"

"मग आता परत खा," थोरली म्हणाली. आता तिला भीती वाटेनाशी झाली होती. उलट डोक्यात काहीतरी फेसाळल्यासारखं झालं होतं. तिने पिशवीतून रुमालात बांधलेले टोस्ट काढले. तपासणीनंतर लेकीने खावेत म्हणून आणलेले. "तुमच्या डब्यातले चार, माझे चार. भावजी, तुम्ही तिकडे तोंड करून मिसळा. कुठला कुठला ते तुम्ही लक्षात ठेवा."

"हा दवाखाना आहे," नवरा म्हणाला.

"गप रे!" आबा आणि नणंद एका आवाजात ओरडले. गेल्या वीस वर्षांत ती दोघं कशावर एकमत झाली नव्हती.

दिरांनी खिडकीकडे तोंड करून टोस्ट मिसळले. आबांनी डोळे मिटून पहिला चावला. चघळला. नाकाने श्वास घेतला. "हा आपला." दुसरा चावला. "हा... हा तांदूळ. भुसभुशीत. जीव नाही त्यात."

"उलट," दीर म्हणाले.

"काय उलट?"

"उलटं सांगितलंत, आबा. जीव नाही म्हणालात तो ताईचा, गव्हाचा."

नणंदेने हिसकावून दोन्हींचे अर्धे अर्धे तुकडे तोंडात कोंबले. गाल फुगवून चावत राहिली आणि तिचा चेहरा बघता बघता बदलत गेला. हा माझा, असं तिने उरलेल्यातल्या एकाकडे बोट दाखवलं. दिरांनी नकारार्थी मान हलवली. तिने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"आता बरोबर, पण दोनच होते," दीर म्हणाले.

मासिकवाली बाई हसायला लागली. पट्टीवाल्या म्हाताऱ्याने हात पुढे केला, "मला पण द्या की, मी तिऱ्हाईत आहे." त्याने दोन्ही खाल्ले आणि निकाल दिला की त्याला दोन्ही आवडले आणि चहा मिळेल का.

"अहो, तुम्ही?" थोरलीने नवऱ्याकडे रुमाल धरला.

"मला नको. मला माहितीय."

"काय माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या नखांत तांदळाचं पीठ होतं."

"आणि बोलला नाहीत?"

नवऱ्याने खांदे उडवले. "टोस्ट चांगला होता."

त्यावर थोरली जी हसली, ती भिंतीला टेकली. पदराने तोंड दाबलं तरी हसू थांबेना. पंचवीस वर्षं संसार केलेला हा ठोंब्या! पहिल्या दिवसापासून! दिरांनाही हसू फुटलं. नणंद "यात हसण्यासारखं काय आहे" म्हणाली आणि तिच्या तोंडातून चुरा उडाला.

"काय चाललंय?"

दारात बारकी उभी होती. अंगात पाठीमागून उघडा असा निळा झगा. एका हाताने तिने तो मागे घट्ट धरला होता. तिच्या मागे डॉक्टरीणबाई.

सगळं सांगावं लागलं. थोरलीनेच सांगितलं, पहिल्या विटेपासून. डॉक्टरीणबाईने कपाळावर हात मारला, पण तिच्या ओठांचा कोपरा हलत होता. "मग आज दुर्बीण घालण्यात अर्थ नाही. बरंचसं भरून आलं असेल. रिपोर्ट चांगला आला असता आणि आपण सगळे फसलो असतो. परत गहू सुरू करावा लागेल, पहिल्यापासून."

बारकी हसत नव्हती.

"मला विचारलंस?" ती आईला म्हणाली.

"नाही."

"मी आठ दिवस मरत होते ते कशासाठी, माहीत होतं तुला. तरी?"

"तू रांगत बाहेर आलीस गं."

"रांगत येईन नाहीतर लोळत येईन! पोट माझं आहे!" आवाज सबंध मजल्यावर घुमला. "आणि आज गप्प बसली असतीस तर भट्टी मिळाली असती मला. मग बोललीस कशाला?"

"मिळाली असती. आणि तिच्यासमोर उभी राहून तू खरा पाव खात राहिली असतीस. मी किती दिवस तुझ्या बशीत माझे टोस्ट सरकवणार होते? मी मेल्यावर?"

बारकीने तोंड फिरवलं. झग्यावरची मूठ सुटली, सिस्टरने धावत येऊन मागून झगा धरला. कुणीही हसण्याची हिंमत केली नाही. पट्टीवाला म्हाताराही छताकडे बघत राहिला.

आणि मग नणंद, जी थोरलीच्या बाजूने आजवर एक शब्द बोलली नव्हती, ती डबा खाली ठेवून उभी राहिली.

"आबा, माझी जीभ हरली. तुमचीही हरली. ज्यांना गहू आणि तांदूळ ओळखता येत नाही, त्यांनी पाव न पचणारीला भट्टी द्यायची नाही म्हणायचं? काय तोंड आहे आपल्याला?"

"मग माझ्या मशीनचं काय?" दीर म्हणाले.

"मशीन गेलं खड्ड्यात!"

"म्हणजे गेलंच का ते?" दीर म्हणाले. पण त्यांच्या हातात टोस्ट होता, आणि तो थोरलीचा होता, आणि ते तो खात होते.

बारकी हळूहळू वळली. तिने नणंदेच्या डब्याकडे बघितलं, मग रुमालाकडे.

"यातला खरा कुठला?"

थोरलीने डब्यातला एक उचलून तिच्या हातावर ठेवला. बारकीने तो फोडला, वास घेतला आणि अर्धा तोंडात टाकला. पाच माणसं तिच्याकडे अशी बघत होती, जणू ती आता धडाम् करून फुटणार आहे.

"आजपासून दीड महिना मी खरा खाणार," ती चावत म्हणाली. "लोळेन, ओकेन, काय वाटेल ते होईल. कुणी मध्ये पडायचं नाही. आई, तू तर मुळीच नाही. मला खरं काय ते कळायला हवं. आणि आबा, रिपोर्ट कसाही येवो, भट्टी मला हवी. वाईट आला तर मी वर दुसरी बांधीन. तिथे गव्हाचा कण येणार नाही. आणि तिथे काथवटीला आईचा हात लागेल."

आबांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "आणि घराण्याचं रक्त?"

"बरं झालं आठवण केलीत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांचीही तपासणी करून घेऊ या. हे घराण्यात असू शकतं. कुठल्याही बाजूने."

नणंदेने एकदम थोरलीकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे, मग छताकडे. "मला तीस वर्षं गॅसेस आहेत," ती बारीक आवाजात म्हणाली.

"आणि हात कसा आहे?" बारकीने खाली बघत विचारलं. आईच्या हातावर भाजल्याचा डाग होता, मनगटाजवळ, छोट्या ओव्हनच्या कडेचा. "मलम लावलंस?"

"लावते."

"लावते नाही. लावलंस का?" आणि मग तोंडातला घास गिळून, अजून रागातच, "तुझा जास्त चांगला होता."

सिस्टर सुया घेऊन आली. रक्ताचा एवढा अभिमान असलेलं ते घराणं बाकड्यावर ओळीने बसलं. नवऱ्याने मुकाट्याने हात पुढे केला. नणंद म्हणाली आधी आबांचं घ्या, दीर म्हणाले वयाप्रमाणे आबांचंच आधी. आबांना आयुष्यात कधी सुई टोचली नव्हती. भट्टीत कोपरापर्यंत हात घालणारा तो माणूस पांढराफटक पडला. त्यांनी बाही वर केली, मान फिरवली, डोळे गच्च मिटले. आणि दुसरा हात पसरला, चाचपडत, थोरली ज्या बाजूला उभी होती त्या बाजूला.

"सूनबाई," ते डोळे न उघडता म्हणाले, "तोवर एक दे. तुझ्यातला."